ज्याच्या नावाचा घास

वन्सं,

नाम्याला शेजारी ठमाबाईंकडे ठेवलंय. शेतावरून आलात की आणा. मऊ भात चुलीजवळ झाकलाय, तूप घालून भरवा. सुकट देऊ नका, घसा लाल आहे त्याचा.

घरची माणसं कळावीत म्हणून मी त्याला नावानं घास भरवते, ते तुम्ही रोज बघता. सासूबाई जायच्या आधी तो आजीचा घास तेवढा थुंकायचा. तेव्हा त्या अंगणात धडधाकट बसून भात पाखडत होत्या. पोर आईची बाजू घेतंय म्हणालात, आणि आपण दोघी हसलो. पुढे हम्माचा घास नको झाला, नि कपिला गाय गोठ्यात मरून पडली.

कालपासून तो बाबांचा घास घेत नाही. वाटी तीच, भात तोच, काऊचा म्हटलं की तोंड उघडतो.

हे पहाटेच राजपुरीला गेलेत, भरतीला मचव्यानं खाडीपलीकडे जायला. मी अडवायला निघालेय. वेड लागलं म्हणाल, खुशाल म्हणा. धक्क्यावर चारचौघांत हात धरावा लागला तरी धरीन.

तुम्ही त्याला बाबांचा घास देत राहा. मारू नका, गोष्ट सांगा, पण एक तरी पोटात जाऊ दे.

निघताना आईचा म्हणून एक घास त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं तोंड घट्ट मिटलं. भूक नसेल का, बघावं म्हणून पुढचा आत्याचा म्हटला, तुमच्या नावाचा. तो त्यानं हसत खाल्ला.