नॉर्मनभावोजींचं बाकडं आणि नऊ बादल्या

पॉटरफोर्ड,
रविवार, चर्च सुटल्यावर

तीर्थरूप डोरीनताईस,

धाकट्या क्लेमंटचा, गुडघा धरल्यामुळे जमेल तेवढा वाकून नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? नव्या नातीचं नाक आपल्या घराण्यावर गेलं नसेल अशी आशा करतो. तिकडे न्यूझीलंडला म्हणे हाडं गोठवणारी थंडी आहे आणि इथे ऑगस्टाचं ऊन. देवाला दोन्हीकडे एकदम लक्ष देता येतं, मला तुझं एक घर सांभाळताना नाकी नऊ आले. (तक्रार नव्हे, माहिती.) मांजर मजेत आहे, माझ्याशी बोलत नाही. टपाल पावाच्या डब्यावर ठेवतो. बाग मोकळी आणि हवेशीर आहे.

‘शहर फुलवा’ स्पर्धेचं काय झालं म्हणून विचारलंस. मिस हॅझेलडीन तुला लिहिणारच आहेत, पण त्या पडल्या माजी मुख्याध्यापिका. जे जसं घडलं तसंच लिहायची त्यांना सवय आहे आणि त्यात काही माणसांवर अन्याय होतो. म्हणून आधी माझ्याकडून ऐक. स्टेशनासमोरचा तो तिकोनी तुकडा, जिथे नॉर्मनभावोजींच्या नावाची पितळी पट्टी लावलेलं बाकडं आहे, तिथे नगरपालिकेला आठ मोटारी उभ्या करायच्या होत्या. बाईंनी भांडभांड भांडून एवढं कबूल करून घेतलं की यंदा सुवर्णपदक आलं तर तुकडा आपल्या बागप्रेमी मंडळाचा, नाहीतर बाकडं उचलून गोदामात. आता भावोजी होते तोवर त्यांनी मला कुठल्याही बाकड्यावर बसू दिलं नाही, बसलो की हातात कुदळ द्यायचे. गेली दोन वर्षं मी रोज दुपारी त्या बाकड्यावर बसतो आणि कुणी कुदळ देत नाही. बरं वाटतं आणि वाईटही वाटतं. तेव्हा ते बाकडं मला जाऊ द्यायचं नव्हतं, हे सरळच सांगतो.

मे महिन्यात आम्ही दहाही सभासदांनी तिथे तीनशे पेट्युनिया आणि झेंडू लावले. जुलैअखेर असे फुलले की गाडीतून उतरलेली माणसं तिकीट द्यायला विसरायची. आणि परीक्षक यायच्या आठवड्यात पानांच्या चाळण्या झाल्या. सोमवारी नुसते दांडे उरले. बिनशंखाच्या गोगलगायी, ताई, बोटाएवढ्या! त्यांना भुलवून बुडवायला आम्ही बिअरच्या बशा मांडल्या. त्यांनी बिअर प्यायली आणि वर झेंडू खाल्ले.

मंगळवारी चर्चच्या दालनात सभा भरली. बाईंनी शाळेतल्यासारखा प्रश्न टाकला, की यंदा गावातल्या एकाही बागेत गोगलगाय नाही, मग स्टेशनावर एवढ्या आल्या कुठून? पर्सी टटल लालबुंद झाला. हा आपला खाटीक, न्याहारीच्या आत अर्धं डुक्कर उभं चिरतो, पण गोगलगायीवर मीठ टाकायला त्याचा हात धजत नाही. रोज सकाळी वरच्या आळीतल्या गोगलगायी वेचून, बादलीत घालून, नदीपलीकडच्या कुरणात सोडायला निघायचा. पण त्याचंही वय झालं. स्टेशन बरोबर अर्ध्या वाटेवर.

“बाकड्यामागे गवत छान होतं, बाई,” तो म्हणाला. “म्हटलं, बिचाऱ्यांना करमेल.”

आता बाई त्याला फाडून खाणार म्हणून आम्ही श्वास रोखला. त्या खाली बसल्या. त्या राहतात खालच्या आळीत. त्या आपल्या गोगलगायी वरच्या रानात सोडायला निघायच्या. स्टेशन त्यांच्याही अर्ध्या वाटेवर. मग पाद्रीबुवांनी घसा खाकरला. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते आपल्या मंडळाला पाहूनच म्हणत असावेत. सभा संपली तेव्हा सभासद दहा आणि बादल्या नऊ असा हिशेब लागला होता. (दहावा मी. मी शेवटच्या खुर्चीत बुटाची नाडी बांधत होतो. लांब नाडी आहे.)

परीक्षक बुधवारी दहाला येणार होते. एका दिवसात फुलं आणायची कुठून? पण जगात भली माणसं असतात. नाव सांगू न इच्छिणाऱ्या एका दात्याकडून बुधवारी पहाटे फुललेल्या डेलियाची बावीस झाडं मिळाली. मी हातगाडीच्या चार खेपा करून ती बाकड्याभोवती लावली. तुला माहीतच आहे, भर फुलातला डेलिया उपटलेला सहन करत नाही. बारापर्यंत तग धरील, पुढे माना टाकील. त्याआधी परीक्षकांना वाटेला लावायचं ठरलं.

परीक्षक क्रॅबट्री उगवले सव्वाअकराला, कारण नाक्यावर पर्सीने त्यांना पाहुणचार म्हणून डुकराचं मांस भरलेला जाडजूड पाव खाऊ घातला, आग्रहाने दोनदा. (पर्सीची मदत असली की शत्रू लागत नाही.) पोट जड झालेला माणूस बाकड्यावर जो बसला तो उठेना. बाराला पाच कमी असताना पहिल्या डेलियाने मान टाकली. पाद्रीबुवांनी त्याच्यावर छत्री धरली. मग दुसऱ्याने टाकली, तिसऱ्याने टाकली. छत्री एकच.

“ही झाडं मान का टाकताहेत?” क्रॅबट्रींनी विचारलं.

“लाजाळू आहेत,” बाई म्हणाल्या. चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेली बाई.

क्रॅबट्रींचं लक्ष पाठीमागच्या पितळी पट्टीकडे गेलं होतं. भावोजींनी स्वतः लिहून ठेवलेली ती ओळ, जी लावू नये म्हणून मी हट्ट धरला होता: ‘बसायचं असेल तर आधी झाडांना पाणी घाल.’ त्यांनी ती दोनदा वाचली, वही खिशात घातली, कोट काढला आणि झारी उचलली. बावीसच्या बावीस झाडांना पाणी घातलं, तेही मुळाशी, भावोजी घालायचे तसं. बूट भिजले. मग परत बसले. सगळ्या माना वर यायला पाऊण तास लागला. मला नाक शिंकरावं लागलं.

शुक्रवारी कागद आला. सुवर्णपदक. बाकडं राहिलं.

लेकीजावयाला आशीर्वाद, नातीला पापा.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
क्लेमंट

ता. क. क्रॅबट्रींनी दात्याचं नाव विचारलंच. परीक्षकाशी खोटं बोलणं मला शोभलं नसतं. पाच सप्टेंबरला दुपारी तीनला ते दात्याची बाग पाहायला येणार आहेत. तू तीन तारखेला परततेस. ताई, पोरगी बाळंतीण आहे, तिला सोडून एवढी घाई कशाला? महिनाभर राहा.

ता. क. २. वर ‘हवेशीर’ लिहिलं ते बावीस खड्ड्यांमुळे. मांजर मजेत आहे तेही त्यामुळेच.

ता. क. ३. दहावी बादली लाल कडीची होती, तुझ्या मोरीतली. भावोजींच्या वाफ्यात जीव मारायचा नाही, असं तूच बजावून गेली होतीस.

ता. क. ४. तेविसावं झाड, गडद लाल, ज्याला भावोजींनी तुझं नाव दिलं होतं, ते मी उपटलं नाही. कुदळ उचलली होती, पण ते पाठीशी उभे आहेत असं वाटलं. त्याला नऊ फुलं आहेत. बागेत आता ते एकटंच, त्यामुळे वाफ्यातल्या सगळ्या गोगलगायी त्याच्यावरच येतात. पहाटेपासून मी शेजारी बादली घेऊन बसतो. बादली काठोकाठ भरली आहे आणि स्टेशनावर आता पाद्रीबुवा पहाऱ्याला असतात. कुठे नेऊ ते उलट टपाली कळव.