जाई आता बघायला शिकली

प्रिय जाई,

अडीच वर्षांनी लिहितेय. सुरुवात कशी करावी म्हणून चार वेळा लिहून खोडलं, चारही वेळा खोटं वाटलं. तेव्हा आपण नेहमी करायचो तशीच करते, सिनेमापासून. गेल्या शनिवारी वाशीला अकराच्या शोला गेले होते, एकटीच. समुद्रावरचा सिनेमा होता, तुझ्या आवडीचा. एक जुनं जहाज, सतरा खलाशी, फाटलेलं शीड आणि कुठल्याच नकाशात नसलेलं बेट. पूर्वीची मी असते तर पहिल्या दहा मिनिटांत तुझ्या कानाला लागले असते, की बघ, तो दाढीवाला म्हातारा मध्यंतराच्या आत जाणार आणि कप्तान काही केल्या मरायचा नाही. आणि तू म्हणाली असतीस, "गप गं मैत्री, वादळ आलंय, मला टेन्शन घेऊ दे." या वेळी मी गप्प बसले. गप्प बसायला शेजारी कुणी लागतं, हे तेव्हा कळलं.

ऐरोलीचं ऑफिस अजून तिथंच आहे. आपला तिसरा मजला कंपनीनं सोडला, आता सगळे पाचव्यावर. विम्याचे क्लेम तेच, खिडकीतून दिसणारी खाडी मात्र गेली, समोर नवीन टॉवर उभा राहिला. तू कंटाळा आला की त्या खिडकीशी उभी राहायचीस आणि म्हणायचीस की खाडीतून निघालं की माणूस थेट आफ्रिकेला पोचेल. मी म्हणायचे, आधी मुलुंडला पोच. आठवतं का, आपलं पहिलं भांडणसुद्धा सिनेमावरूनच झालं होतं. मला घरातले सिनेमे आवडायचे. आई, मुलगा, सून जेवायला बसलेत, कुणी काही बोलत नाही, आणि सून न मागता आमटीची वाटी पुढं सरकवते, तेवढ्यावरून कळतं की हे घर आता टिकत नाही. मला तो सिनेमा. तुला बर्फ हवा, वाळवंट हवं, दोरीचा पूल हवा आणि तो मधोमध तुटायला हवा. मी त्याला पोरखेळ म्हणाले, तर तू डबा बंद करत म्हणालीस, "बाबांच्या आजारपणावरून आमच्या घरात चार माणसं भांडतात, ते मी रोज फुकट बघते. त्याला परत तिकीट कशाला काढू?" वर हेही म्हणालीस, "तू कोण कसा मेला ते बघायला जातेस, मी कोण कसा वाचला ते." मी हरले असं मानायची माझी पद्धत नव्हती.

खरं सांगू? मतं हीच माझी मिरवायची गोष्ट होती. दिघ्याच्या दोन खोल्यांत वाढले, बाबा महाप्याच्या कारखान्यात शिफ्टला. घरात कामं वाटली जायची, मतं कुणी कुणाला विचारत नसे. खारघरच्या कॉलेजात फिल्म क्लबच्या सरांनी पहिल्यांदा विचारलं, "मैत्री, तुझं मत काय?" सगळा वर्ग माझ्याकडे वळला. त्या दिवसापासून मी मतांना जी घट्ट धरून बसले, ती सोडलीच नाहीत. संथ, अवघड, रडवणारा सिनेमा आवडला की मी दिघ्यातून जरा वर आले असं मला वाटायचं. आणि तू ऐरोलीच्या सोसायटीत वाढलेली, इंग्रजी शाळेतली, तुला मात्र वाघ मागे लागलेला हिरो बघून टाळ्या पिटायला लाज वाटत नव्हती. याचा मला राग यायचा. हे मी तुला कधी बोलले नाही.

मग तू बदललीस. चार वर्षांपूर्वीची दिवाळी झाली आणि तुझे जंगल-बर्फाचे सिनेमे एकाएकी बंद. त्याच्या आधीचं वर्षभर तर तू हपापल्यासारखी एकही सोडत नव्हतीस, एकेक दोनदोनदा बघत होतीस. आणि अचानक म्हणायला लागलीस, "तू म्हणतेस त्याला जाऊ." तेही मराठी किंवा हिंदी, सबटायटलवाले नकोत, डोकं दुखतं. शेवटची रांग, कडेची खुर्ची. उन्हातून आत शिरलो की दारातच थांबायचीस, माझा दंड धरायचीस, मला वाटायचं लाडात आलीय. शो सुरू व्हायच्या अर्धा तास आधी जाऊन बसायचा हट्ट करायचीस. पण घरी जाताना त्या सिनेमांवर काय बोलायचीस, जाई! बापाचा आवाज दुसऱ्या प्रसंगानंतर कसा खाली आला, मुलगी खोटं बोलताना वाक्याच्या आधी कशी थांबते, हे माझ्या लक्षात यायच्या आधी तुझ्या लक्षात आलेलं असायचं. मी हरखून गेले. मला वाटलं, ही माझी कमाई.

आपण दोघी सिनेमांवर लिहायचो त्या पेजवर मी लिहिलं ते तुला पाठ असेल. आधी तुला दाखवलंही नव्हतं. 'जाई आता बघायला शिकली', असं नाव दिलं होतं. उड्या आणि स्फोट यांच्या पलीकडे सिनेमा असतो हे माझ्या मैत्रिणीला तीन वर्षांच्या तपश्चर्येनंतर कसं उमगलं, वगैरे वगैरे. आपल्या पेजला इतकं कधीच कुणी वाचलं नव्हतं. खाली तू एक हसणारा चेहरा टाकलास आणि लिहिलंस, 'गुरूची कृपा'. मी तो स्क्रीनशॉट कितीतरी दिवस जपून ठेवला होता.

आणि मग तुझा वाढदिवस. मी ठरवलं की आता जिंकलेय तर थोडं मोठं मन दाखवू, तुला तुझा जुना खाऊ देऊ. थ्रीडीची तिकिटं काढली, मधली रांग, मधल्या खुर्च्या. तू नको नको म्हणत होतीस. "आता नाही गं आवडत मला असले," म्हणालीस. मी ओढत नेलं. बर्फात हरवलेल्या बापाला शोधायला निघालेल्या दोन बहिणींचा सिनेमा होता. तू दर दोन मिनिटांनी विचारत होतीस, "आता काय झालं? कोण पडलं?" आणि मी म्हणत होते, "बघ ना!" किती वेळा म्हणाले असेन, देव जाणे. तू तो चष्मा काढून मांडीवर ठेवलास तेव्हा मला वाटलं, नाटक करतेय, मला दाखवून देतेय की तिची आवड आता माझ्याहून उच्च झालीय.

मध्यंतरानंतर तू पॉपकॉर्नचा डबा घेऊन आत आलीस आणि दिवे गेले. पायरी चुकली. कडेला बसलेल्या एका कुटुंबाच्या अंगावर गेलीस, त्यांचं कोल्ड्रिंक सांडून लेकीचा फ्रॉक भिजला, ती भोकाड पसरून रडायला लागली, लोक मागून ओरडायला लागले. तू खाली बसून हातांनी चाचपत काहीतरी शोधत होतीस. मी उठून आले. तुला हात द्यायला नाही. मला त्या लोकांसमोर लाज वाटत होती म्हणून. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आंधळी आहेस का तू?"

तू माझ्या दिशेनं मान वर केलीस. भिंतीला हात लावत लावत बाहेर गेलीस. आणि मी, जाई, मी परत जाऊन खुर्चीत बसले. सिनेमा पूर्ण बघितला. दुपारी घरी येऊन त्यावर लिहिलंसुद्धा. त्या संध्याकाळी तुझा व्हॉइस मेसेज आला, चार मिनिटांचा. मला वाटलं, सुनावणार आता. न ऐकताच पुसून टाकला आणि तुझा नंबर ब्लॉक केला. सोमवारपासून तू ऑफिसला आली नाहीस. महिन्याभरानं एचआरनं सांगितलं, घरगुती कारणानं सोडलं. मी म्हटलं, बरी दुसरी नोकरी मिळाली असेल. दोन बसस्टॉपवर तुझं घर होतं.

महिन्यापूर्वी मी तुझ्या आईला, जयमालाकाकूंना, फोन केला. का केला ते सांगतेच. काकू रागावल्या नाहीत, तेच सोसवत नव्हतं. म्हणाल्या, डोळ्यांच्या पडद्याचा आजार, आधी अंधारातलं जातं, मग कडेचं, मग उरतं ते नळीतून बघितल्यासारखं. पाच वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे तू हपापून बर्फ आणि समुद्र बघत होतीस तेव्हा तुला माहीत होतं. आणि घरातले सिनेमे का आवडायला लागले, तेही काकूंनी सांगितलं, "त्यात बोलणं जास्त असतं ना, ती म्हणायची, ऐकून चालतं." मी विचारलं, मला का नाही सांगितलं? तर काकू म्हणाल्या, "तिला वाटायचं, मैत्रीला कळलं तर ती सिनेमा बघायची नाही, मला बघत बसेल. सांगितलं शेवटी, त्या मेसेजमध्ये. तू काहीच बोलली नाहीस." मी त्यांना सांगितलं की मी तो ऐकलाच नाही.

तेव्हापासून सिनेमाला जाते आणि डोळे मिटून बसते. वेड लागलंय म्हण. शनिवारच्या त्या जहाजाच्या सिनेमात वीस मिनिटं मिटले. नुसता धडाडधूम, पाणी, धापा, कुणीतरी कुणाचं तरी नाव ओरडतंय, मग बाजा वाजतो. कोण वाचलं काही पत्ता नाही. मग डोळे उघडले तर पडदाभर पाणी, आणि लांब, अगदी कडेला, एवढंसं बेट. मला त्या कप्तानाचं काही पडलेलं नव्हतं. ते लांबचं दिसतंय, एवढंच इतकं मोठं वाटलं की मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा हात धरला. ज्याला मी पोरखेळ म्हणत होते त्यात तू काय बघत होतीस, ते मला पस्तिशीत कळलं. घरातल्या सिनेमांबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, पण आमटीची वाटी सरकते ते दृश्य आठवलं की आता वाटतं, हे जाईला कुणी सांगितलं असेल? त्या वेळी तिथं कुणी बोलत नव्हतं. मी तुझ्या शेजारीच होते आणि मला सांगायला फुकट होतं.

पेज मी बंद केलं. ती पोस्ट आधी काढली, मग वाटलं नुसती तेवढी काढणं म्हणजे साफसफाई झाली, तेव्हा सगळंच बंद केलं. फोन तुला मेसेज वाचून दाखवतो असं काकू म्हणाल्या, म्हणून हे टाइप करून पाठवतेय. काकूंना वाचायला सांगता आलं असतं, पण हे त्यांच्या तोंडून जायला नको होतं.

आता का लिहिलं ते. गेल्या महिन्याच्या सात तारखेला बाबांना मोतीबिंदू दाखवायला खारघरच्या दवाखान्यात नेलं होतं. ते औषध घालून आत पडले होते आणि मी बाहेर बाकड्यांवर बसले होते. दारातून काकू आल्या, आणि त्यांच्या मागं तू, हातात पांढरी काठी. काकू काउंटरला गेल्या. तू काठीनं खुर्च्या मोजत माझ्यापर्यंत आलीस आणि विचारलंस, "इथं कुणी बसलंय का?" मी पर्स उचलून घेतली, त्या आवाजावरून तू ओळखलंस की जागा आहे, आणि बसलीस. माझ्या शेजारी, जाई, खांद्याला खांदा लागेल इतकी. केस आखूड केलेस, छान दिसतात. थोड्या वेळानं तू माझ्याकडे वळून विचारलंस, "तुमचा नंबर कितवा?" तुम्ही म्हणालीस मला. मी नुसती मान हलवली. तुझ्यासमोर मान हलवली! तू वाट बघितलीस, परत विचारलंस, आणि मी पर्स तोंडाशी घट्ट धरून श्वाससुद्धा घेईना, की तू श्वासावरून ओळखशील. मग तू "सॉरी हं" म्हणालीस आणि जरा पलीकडे सरकलीस. तुझं नाव पुकारलं तेव्हा काकू आल्या, त्यांनी मला बघितलं, तुझा हात धरला आणि आत जाता जाता वळून परत एकदा बघितलं. त्या संध्याकाळी मी फोन केला तो म्हणूनच. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "दवाखान्यात तू होतीस हे मी तिला सांगणार नाही. तुझं तू सांग." महिना लागला मला. वाढदिवसाच्या दिवशी मला माहीत नव्हतं असं म्हणता येईल, पण त्या खुर्चीत बसून मला सगळं समोर दिसत होतं. ती मी होते, जाई. तू दोनदा विचारलंस. आमचा नंबर चौदावा होता.

म्हणू दिलंस तर तुझीच,
मैत्री