पाण्याची काच

मुर्धा, १३ जानेवारी २०२५

ती. वासंतीताईस,
काशीनाथचा सा. नमस्कार वि. वि.

तुझं गोडदेव काही लांब नाही, रिक्षाने आलो असतो. पण तुझ्यासमोर बसून हे माझ्याने बोलवलं नसतं. म्हणून इशिताच्या हाती पत्र देतोय. नातीला वाटतंय, आजोबा मानाचं आमंत्रण पाठवतायत.

पेपरात तू वाचलंसच. आमचं वाफेचं जुनं इंजिन दुरुस्त होऊन येत्या रविवारी हौशी प्रवाशांना घेऊन मेन लाइनवर धावणार आहे. नव्या पोरांना कोळसा मारायला मी शिकवतोय, म्हणून मला शाल देणार आहेत.

ताई, त्याच इंजिनावर भाऊजी ड्रायव्हर होते आणि मी फायरमन. बॉयलरमधलं पाणी काचेच्या नळीत दिसतं. तिच्याखालचा कॉक उघडून बघायचा, तरच नळी तुंबलेली नाही ना ते कळतं. त्या दिवशी मी आळस केला आणि पाणी भरपूर आहे म्हणून सांगितलं. बॉयलर कोरडा पडत गेला, शिशाचं बूच वितळून वाफेने आग विझली, गाडी माळावर अडकली. चौकशीत मी म्हणालो, पाणी कमी असल्याचं मी सांगितलं होतं, ड्रायव्हरनेच ऐकलं नाही. भाऊजींना रिटायर होईपर्यंत यार्डात डबे ढकलत बसावं लागलं. ते गेले तेव्हाही मी बोललो नाही.

काल स्वप्नील नावाच्या पोराने विचारलं, कॉक नाही उघडला तर काय होतं. मी त्याच्या हाती फावडं देऊन विषय बदलला. आता शाल कशी घेऊ, तूच सांग. लोभ असू दे म्हणायलाही मला तोंड नाही.

काशीनाथ

गोडदेव, १५ जानेवारी २०२५

चि. काशीनाथ यास,
आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

संक्रांत झाली तरी तिळगूळ पाठवला नाही, तो मुद्दाम.

तू खोटं बोललास ते एकदाच. माझं काय? माझ्या भावाचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती, असं मी ह्यांना उभा जन्म ऐकवलं. पोरीच्या लग्नात ऐकवलं, शेवटी दवाखान्यातसुद्धा. ते दर वेळी एवढंच म्हणायचे की खरंय, ऐकायला हवं होतं. तू भाऊबीजेला आलास की पापलेटचा मोठा तुकडा तुला वाढायला सांगायचे तेच. आता आठवलं की मान वर होत नाही.

शाल घे नाहीतर नको घेऊस. पण कॉक कुणी उघडला नाही आणि शिक्षा कुणी भोगली, ते सगळ्यांसमोर सांग. त्यांचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. तू घे, जयकुमार म्हणून, मोठ्याने.

रविवारी मी येतेय. तुला माफ करायला येतेय असं समजू नकोस. मलाच ह्यांची माफी मागायचीय, आणि ते नाहीत तर त्यांचं इंजिन तरी समोर असावं. मला त्याच्याजवळ नेऊन उभी कर आणि तू जरा लांब थांब.

कळावे,
वासंती