परत आलेल्यांसाठी चौदा दिवस

३ जून २००८
घरी इंटरनेट आलं. पहिलं उघडलं काय, तर तो गाव वसवायचा खेळ. लग्नाआधी सायबर कॅफेत रोज खेळायचे. मग मिलिंदशी लग्न, ओवीचा जन्म... दीड वर्ष फिरकले नाही. पासवर्ड बोटांना आठवत होता! आत लाल पट्टी: बऱ्याच काळाने आलात, चौदा दिवस निरोपांची देवाणघेवाण आणि बाजार बंद. माझंच गाव, मीच पाहुणी.

४ जून
मिलिंद म्हणाला, "आमच्या प्रेसमध्ये महिन्याच्या रजेवरून आलं तरी गेटवर ओळखपत्र दाखवावंच लागतं." नियम वाचले. पडून राहिलेली खाती चोरून लोक शेजाऱ्यांना लुबाडतात, म्हणून हे. पटलं. राग आहेच.

६ जून
जुने निरोप वाचता येतात! अन्वरचे सव्वीस. खेळातला शेजारी, मालेगावचा, घरचे यंत्रमाग. कधी भेटलो नाही. माझं गाव पुसलं जाऊ नये म्हणून दर आठवड्याला धान्य पाठवत राहिला. शेवटचा निरोप मी आले त्याच्या आदल्या दिवसाचा: "ताई, १० तारखेला सौदीला चाललो. तिथे खेळता येईल का, माहीत नाय. बरी हायेस ना, तेवढं कळव."
माझी बंदी १७ला उठणार.

७ जून
त्याचा फोन नं. नाही, पत्ता नाही. खेळवाल्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं, तीनदा खोडून. उत्तर नाही.

८ जून
दुपारी ओवी झोपल्यावर एकेक बटण दाबून पाहिलं. दुसऱ्यापर्यंत काही पोचवणारं सगळं बंद. 'गावाचं नाव बदला' चालू! आठवड्यातून एकदाच, पंधरा अक्षरं. ANWAR BARI AAHE. रिकाम्या जागा धरून नेमकी पंधरा. शेजाऱ्याला नकाशावर दिसणारच.

९ जून
त्याच्या गावाचं नाव बदललंय: KHARI KI CHOR.
हसले. मग हसू गेलं. त्याचंही बरोबर, असं कुणीही लिहील. आणि मला आता आठवडाभर नाव बदलता येत नाही.
आमची ओळखच भांडणातून झाली. मी विहीर त्याच्या बांधाला चिकटून खोदली होती, केवढा चिडला होता. ते दोघांनाच ठाऊक. आज तिथेच दुसरी खोदली.

१० जून
विहीर आहे. त्याच्या गावाचं नाव तेच; त्यालाही आठवडाभर बदलता येणार नाहीच. पाहिली असेल का त्याने?
मिलिंदला विचारलं, मुंबईहून सौदीचं विमान किती वाजता असतं. "कोण चाललंय?"
म्हटलं, शेजारी.