गुंगीतली पूजा

सोलापूर, ६ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास धाकट्या बहिणीचा शरणु शरणार्थी.

फोनवर तू हॅलो हॅलो करत बसतेस आणि मला बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. हिची जीभ कापली पाहिजे, असं तू लहानपणी म्हणायचीस की. डॉक्टरांनी तुझं ऐकलं. पण रोग तेवढ्यावर थांबला नाही, मानेत उतरलाय. आता औषध फक्त दुखणं कमी करायला. हे त्यांनी शिवानंदला बाहेर नेऊन सांगितलं, पण लेकाचं तोंड बघून मला कळलं.

दवाखान्यात आरोही नावाची मुलगी ध्यान शिकवते. डोळे मिटायचे, श्वास येतो-जातो तो बघायचा, मनात येईल ते येऊ द्यायचं. मला हसू आलं. उभा जन्म रोजच्या पूजेला गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन बसले, आता ही पोर मला बसायला शिकवणार. पण खरं सांगू, बरं वाटतं. भीती जरा लांब उभी राहते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी शरणी

वळसंग, ११ फेब्रुवारी

चि. शरणम्मास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून मी रडले न्हाय. रडायचं काय कारण हाय? ध्यान लागलं म्हंजे अर्धं काम झालं. शेजारच्या गावातल्या निंगव्वाच्या जावंची गाठ अशीच बसून बसून विरली म्हणत्यात. तू रोज सकाळी लिंग हातावर घेऊन बस, पाठ ताठ ठेव. आन ती दुखण्याची गोळी पूजेआधी घेऊ नको. गुंगीत केलेली पूजा पावत न्हाय, आईनं सांगितलेलं इसरलीस व्हय? मन घट्ट कर. पाडव्याला तू हितं पायजेस.

जिवाला जप.

तुझी अक्का

सोलापूर, २० फेब्रुवारी

ती. मावशींना सिद्धेश्वरीचा शरणु.

सुनेनं असं लिहू नये, पण लिहिते. तुमचं पत्र आल्यापासून आत्या गोळी घेत नाहीत. पूजा झाल्यावर घेईन, असं पाटीवर लिहून दाखवतात, पण पूजा संपतच नाही. दुखण्यानं घाम फुटतो, तरी लिंग खाली ठेवत नाहीत. अजून गाठ विरली नाही म्हणजे आपलीच भक्ती कमी पडली, असं त्यांच्या मनानं घेतलंय.

आरोहीताईंनी समजावलं की ध्यान गोळीच्या जागी नसतं, जोडीला असतं. त्यानं गाठ विरत नाही, मन तेवढं सावरतं. आत्यांनी तोंड फिरवलं. माझं ऐकत नाहीत, ह्यांचंही ऐकत नाहीत. तुमचा शब्द तेवढा मोडत नाहीत. मावशी, तुम्हीच सांगा त्यांना.

राग मानू नये.

सिद्धेश्वरी

वळसंग, २३ फेब्रुवारी

शरणी, गोळी घे.

पूजेआधी घे, पूजेत घे. पूजा नको वाटली तर करू नको. देव गुंगीतलंबी ऐकत असंल, आन ऐकत नसंल तर मी भांडीन त्याच्याशी. तुझी भक्ती लई हाय, कमी पडली ती माझी अक्कल.

काल निंगव्वाकडं गेले. तिची जाऊ मागल्या वर्षीच वारली. मला कुणी सांगितलं न्हाय, आन मीबी कधी इचारलं न्हाय. तू ताठ बसलीयास म्हंजे तू हाईस, तेवढंच धरून मी बसले होते.

अक्का

सोलापूर, २८ फेब्रुवारी

ती. अक्कास शरणु.

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. गोळी घेते आता. दुखणं उतरतं, मग डोळे मिटून बसते. आरोही म्हणते, जे येईल ते बघायचं, हाकलायचं नाही. दुखत होतं तेव्हा सगळा दिवस दुखण्यातच जायचा. आता मन रिकामं झालं आणि भीती अगदी समोर येऊन बसली. मी बघते तिच्याकडे, रोज बघते. ती जात नाही.

अक्का, मला मरायचं नाही. हे घरात कुणाला लिहून दाखवलं नाही. पोरं आधीच खचलीत.

तू ये. बरी होशील म्हणू नकोस, मन घट्ट कर म्हणू नकोस. माझ्याशेजारी बस आणि मला रडू दे.

शरणी