तीन नंबरचा सिलिंडर

६ जानेवारी २०२५, सोमवार

हाताखाली शिकणाऱ्या वल्लरीला आज सगळ्यांसमोर झापलं. काही गरज नव्हती.

आमच्या फ्लाइंग स्कूलचे इन्स्ट्रक्टर विक्रम सर नव्या बॅचचे दहा जण हँगरमध्ये घेऊन आले. म्हणाले, अच्युत सर, यांना जरा इंजिन समजावून सांगा, पुस्तकातून काही डोक्यात जात नाहीये. मग काय, मी सुटलोच! चार सिलिंडर, दोन इकडे दोन तिकडे, आडवे झोपलेले. पाणी नाही, रेडिएटर नाही, समोरून येणाऱ्या वाऱ्यानेच थंड व्हायचं. प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन स्पार्क प्लग, कारण ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन. एक मेला तर दुसरा घरी आणतो. बॅटरी बंद पडली तरी इंजिन चालूच राहतं. हे ऐकलं की नवीन मुलांचे डोळे मोठे होतात. दरवर्षी होतात. मला ते आवडतं – खोटं कशाला बोलू.

मग ब्राव्होची कॉम्प्रेशन टेस्ट दाखवायला घेतली. ब्राव्हो म्हणजे आमचं दोन सीटचं जुनं विमान. इंजिन गरम असतानाच करायची ही टेस्ट. एक प्लग काढायचा, पिस्टन पार वर आणायचा, आणि त्या भोकातून आत ऐंशी पौंड हवा सोडायची. हेल्पर मारुती विमानाचा पंखा धरून उभा, कारण हवा शिरली की पंखा झटका मारतो. वल्लरी गेजवर. ऐंशीपैकी किती हवा आत टिकली ते गेज सांगतं. उरलेली कुठून पळाली ते मात्र कानाने ओळखायचं. ऑइल भरायच्या तोंडाशी फुस्स आलं तर पिस्टनच्या रिंगा. सायलेन्सरच्या तोंडाशी आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

एक नंबर शहात्तर. दोन पंचाहत्तर. चार सत्त्याहत्तर. तीन नंबर – एकसष्ट.

मी वाकलो, कान लावला, मान डोलावली. तेवढ्यात वल्लरी अगदी जवळ आली आणि हळूच म्हणाली, सर, सायलेन्सरमधून येतोय आवाज.

मी मोठ्याने म्हणालो – "कानात वारं भरलंय काय गं तुझ्या? लक्ष गेजवर ठेव!" दहाच्या दहा जण हसले. ती गेजकडे वळली. मी शीटवर "रिंगा" लिहायला सांगितलं, तिने लिहिलं. इंजिन थोडं चालवून पुन्हा मोजलं, चौसष्ट आलं. वाढलं ना? मग रिंगाच. रिंगांची एवढी गळती चालते, विमान उडू शकतं म्हणून सही ठोकली.

आता इथे लिहितो, इथे कोण वाचणार आहे. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. ना इकडे, ना तिकडे. दोन वर्षं मी कान लावायचं नाटक करतो आणि तळहात पुढे धरतो. ऑइलच्या तोंडाशी हाताला हवा लागली, म्हणून रिंगा. तिथे थोडी हवा नेहमीच लागते, हे मलाच माहीत नाही का! सायलेन्सरला हात कोण लावणार? चटका बसतो.

७ जानेवारी, मंगळवार

ब्राव्हो दोन वेळा उडालं. काही तक्रार नाही. बघा! उगीच मन खात राहिलं रात्रभर.

९ जानेवारी, गुरुवार

पलासियाच्या त्या कानाच्या डॉक्टरांच्या क्लिनिकवरून आज स्कूटर गेली. मान दुसरीकडे वळवली. दिवाळीआधी तिथे काचेच्या खोलीत बसवून हेडफोन घातले होते. आवाज आला की बटण दाबा. मी कितीतरी वेळ बटणावर अंगठा ठेवून बसलो. मला वाटलं मशीन बिघडलंय. डॉक्टर म्हणाले – जाड आवाज ठीक आहेत, बारीक, उंच आवाज गेलेत. बत्तीस वर्षं इंजिनांपाशी काढलीत ना काका, मशीन लावा आता.

काका! लग्नातल्या सुटाच्या खिशात तो रिपोर्ट घडी घालून ठेवलाय. कानात मशीन लावलेल्या इंजिनियरला इंजिनापाशी कोण उभं करेल? सगळ्या इंदूरच्या फ्लाइंगवाल्यांत बोभाटा होईल. म्हातारा बहिरा झाला म्हणतील.

११ जानेवारी, शनिवार

अक्षर वेडंवाकडं येतंय.

सकाळी दहाला ब्राव्हो उडालं. विक्रम सर आणि श्रिया – तीच ती एकोणीस वर्षांची, सोमवारच्या दहा जणांत सगळ्यात पुढे उभी होती. मी हँगरच्या दारात कट चहा घेऊन उभा. विमान आठशे-एक फुटांवर गेलं असेल आणि आवाज बदलला. भड – भड-भड – भड. जाड आवाज येतात मला. हा आला.

चारपैकी एक सिलिंडर मेला की राहिलेले तीन नुसतं ओढत नाहीत, अख्खं विमान हलवून काढतात. वर चढायची ताकद गेली. विक्रम सरांनी नाक खाली घेतलं, वळवलं. इतक्या खालून वळले! मी चहाचा ग्लास हातात धरून नुसता बघत राहिलो. मारुती "अरे देवा, अरे देवा" करत धावत सुटला.

उतरले. धावपट्टीवरच उतरले. आडवंतिडवं, पण उतरले.

श्रिया खाली उतरली, चार पावलं चालली आणि गवतात ओकली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, सर, मी काही चुकीचं केलं का? मिक्स्चरचा नॉब जास्त ओढून इंधन कमी केलं का मी?

मी म्हणालो, नाही बेटा. बस. एवढंच.

१३ जानेवारी, सोमवार

तीन नंबर उतरवला. वल्लरीनेच नट सोडवले. मी शेजारी.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा नखाएवढा तुकडा गायब. कड जळून काळी-पांढरी.

हे मी कितीदा शिकवलंय! मिश्रण आत येतं, दाबलं जातं, ठिणगी पडते, पिस्टन खाली ढकलला जातो, मग जळका वायू बाहेर. तो बाहेर जातो एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेने, आणि व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत तापतो. त्याला थंड व्हायला एकच वेळ मिळते – तो आपल्या बैठकीवर घट्ट बसतो तेव्हा. तेव्हाच त्याची उष्णता सिलिंडरच्या डोक्यात उतरते. तो नीट बसला नाही तर फटीतून वायू सुसाटतो. पातेल्याचं झाकण तिरकं बसलं की वाफ एकाच जागेने येते ना, तसंच. मग तीच जागा अजून तापते, अजून जळते, आणि एक दिवस तुकडा पडतो. यात चार-पाच दिवस जातात, नाहीतर चार-पाच उड्डाणं. पण त्याआधी तो आवाज करतो. फुस्स असा बारीक आवाज. सहा तारखेला तो करत होता.

वल्लरीने व्हॉल्व्ह माझ्या हातात ठेवला. "मी सांगितलं होतं" असं एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, शपथ.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

वल्लरीने डबा भरून तिळगूळ आणला होता, तिच्या आईच्या हातचा. सगळ्यांना वाटला. माझ्यासमोर आली, हातावर ठेवला, वाकून नमस्कार केला. म्हणाली, सर, गोड बोला.

लाज वाटली. खिशात टाकला.

१५ जानेवारी, बुधवार

मारुतीने आज बाजूला घेतलं. पंखा धरून होता ना तो त्या दिवशी, त्याने सगळं ऐकलं होतं.

म्हणाला – दादा, बुरा मत मानना. पोरगी दोन वर्षं तुमचे कान होऊन राहिली आहे. तुम्ही वाकलात की ती आधी ऐकून घेते आणि मग विचारल्यासारखं करते – "सर, ऑइलकडून ना?" तुम्ही हो म्हणता. कोणाला कळू दिलं नाही तिने. त्या दिवशी एवढी सारी मंडळी उभी, म्हणून कानाशी येऊन बोलली बिचारी.

मी आठवायला लागलो. खरंच की! "सर, इनटेकच वाटतंय ना?" "सर, दोन नंबर बरोबर ना?" मी समजायचो, पोरगी शिकतेय, खात्री करून घेतेय. आणि मी मोठ्या रुबाबात म्हणायचो, शाब्बास, कान तयार होतोय तुझा!

गाढव आहे मी. शुद्ध गाढव.

१६ जानेवारी, गुरुवार

ब्राव्होच्या चौकशीसाठी मॅनेजर देवेंद्रजींनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर सहा तारखेची शीट. म्हणाले, अच्युतजी, ये हैंडराइटिंग किसकी है?

वल्लरीची आहे. "गळती: रिंगा" – तिचं सुंदर गोल अक्षर, शेजारी तिची छोटी सही. खाली माझी मोठी.

ते म्हणाले, मतलब लड़की ने गलत सुना, आपने भरोसा करके साइन कर दिया. ऐसा ही है ना?

मी मान वर करून छताच्या पंख्याकडे बघितलं.

हो म्हणालो नाही. पण नाहीही म्हणालो नाही! पंख्याकडे बघत बसलो. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला आणि म्हणाले, उससे लिखित ले लेता हूँ, आप भी सोमवार तक दे दीजिए.

मार्चमध्ये तिची इंजिनियरच्या लायसन्सची परीक्षा आहे. त्या फॉर्मला आमच्या स्कूलची चिठ्ठी लागते – कामात कसूर नाही म्हणून. चार वर्षं त्या कागदासाठी घासतेय ती. वडील राजवाड्याजवळ शिलाई मशीन दुरुस्त करतात, त्यांनी अजून विमान आतून पाहिलेलं नाही. परवा परवाच म्हणत होती, लायसन्स आलं की बाबांना हँगर दाखवायला आणते, चालेल ना सर?

आणि मी पंख्याकडे बघत बसलो.

१७ जानेवारी, शुक्रवार

दुपारी वल्लरी केबिनमधून बाहेर आली. माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "दिलं लिहून, सर. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

काय लिहिलंस, ते विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं. आणि तिने टेन्शन घेऊ नका म्हटल्यावर – लिहितानाही अंगावर काटा येतोय – मला बरं वाटलं! रात्री घरी जेवण गेलं. तीन पोळ्या खाल्ल्या.

वाढताना बायकोने, सुलोचनाने, विचारलं, आज कळी खुलली कशी? आठवडाभर तोंड पाडून बसला होतात.

तेव्हा मी ताटावरून उठलो, सुटाच्या खिशातला रिपोर्ट आणला आणि तिच्यासमोर टाकला. सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, शीट, श्रिया, सगळं.

तिने आधी रिपोर्ट वाचला. म्हणाली, तरीच! कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी तुम्ही शेजारी पेपर वाचत बसता. मला वाटायचं मुद्दाम करता. अहो, चष्मा लावताना लाज नाही वाटली, मग याची कसली?

मग जरा वेळाने म्हणाली – आणि त्या पोरीचं काय? तिच्या आईला भेटले होते मी गणपतीत. काय तोंड दाखवू त्या बाईला?

१८ जानेवारी, शनिवार

लिहिलं. फाडलं. परत लिहिलं, परत फाडलं. "माझ्याकडून नजरचुकीने" – कसली नजरचूक!

१९ जानेवारी, रविवार

आज झालं लिहून. एक पान. सुलोचनाला वाचून दाखवलं.

"तीन नंबरची गळती एक्झॉस्टमधून आहे असं वल्लरीने मला त्याच वेळी सांगितलं होतं. मी तिला गप्प केलं आणि रिंगा असं लिहायला लावलं. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. हे मला दिवाळीआधीपासून माहीत आहे. रिपोर्ट सोबत जोडला आहे. चूक माझी एकट्याची आहे."

माझी सही जाईल. बत्तीस वर्षांची सही. जाऊ दे. श्रिया आणि विक्रम सर जिवंत आहेत हे काय कमी झालं! पोरीला तिचं लायसन्स मिळू दे, तिच्या बापाला हँगर बघू दे. मी घरी बसून कुकरच्या शिट्ट्या मोजीन, कानात मशीन घालून.

सुलोचना म्हणाली, उद्या पहिल्यांदा हेच काम करा. पोहे खाऊन जा.

खूप दिवसांनी छाती मोकळी वाटतेय.

२० जानेवारी, सोमवार

कागद दिला. देवेंद्रजींनी दोनदा वाचला. मग ड्रॉवरमधून दुसरा काढून माझ्यासमोर ठेवला. शुक्रवारचा. तेच गोल अक्षर – "आवाज ऑइलच्या तोंडाकडूनच येत होता. सरांनी मला दोनदा विचारलं. मीच रिंगा म्हणून सांगितलं. सरांची चूक नाही."

देवेंद्रजी म्हणाले, "उसकी चूक होती तो एक वॉर्निंग देकर छोड़ देता. सीखने वालों से होती है. पर जाँच में लिखित झूठ? अच्युतजी, अब मैं उसे यहाँ नहीं रख सकता. चिट्ठी तो भूल ही जाइए."

मी माझा कागद परत मागितला. पण त्यावर 'मिळाला' असा शिक्का केव्हाच बसला होता.