मेट्रनबाईंना फोन करणाऱ्या दादास

दादा,

आईच्या जखमेचं ड्रेसिंग बदललंय. त्याला हात लावू नकोस. जेवण झाल्यावर तिला गोळी दे.

प्रश्न : दडपणाखाली तुम्ही डोकं शांत कसं ठेवता?
उत्तर : आठवडाभर माझ्याकडून हेच घोकून घेतलंस ना? मग मुलाखतीच्या पॅनेलवरच्या मेट्रनबाईंना फोन करून "आमच्या छकुलीकडे जरा बघा" म्हणायची काय गरज होती? आई बोलून गेली म्हणून कळलं. इतकी वर्षं आयसीयूत मी काय फुंकर मारत बसले होते?

आता नोकरी मिळाली तरी ती तुझ्या फोनची. म्हणून मुलाखतीला बसल्याबरोबर, पहिल्या प्रश्नाआधीच, मी पॅनेलला तुझ्या फोनबद्दल सांगणार आहे. हाकललं तर हाकलू देत. निदान मला हाकलतील, तुझ्या बहिणीला नाही.